गुडघ्याचं जेवण

मालाड पश्चिमेच्या कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये आता काउंटरमागे गुडघ्यांची वेगळी फळी असते. ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, कोलॅजन, शल्लकी, हळदीचा अर्क, आणि डब्यावर बहुधा एक निळसर गुडघा, त्यात लाल ठिणगी. तिथून मार्वे रोड धरून मढच्या टोकापर्यंत गेलं की कोळीवाडा लागतो. वलांडीवर बोंबील वाळत असतात, सावलीला बायका कोळंबी सोलत बसलेल्या असतात. सोललेला माल टोपलीत जातो, टरफलं बाजूला पडतात. कोळंबीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग या डोक्या-टरफलांतच जातो. आणि गंमत अशी, की मेडिकलमधल्या त्या महागड्या डब्यातलं ग्लुकोसामाइन ज्या पदार्थापासून निघतं, तो काइटिन नावाचा पदार्थ या ढिगाऱ्यात भरून राहिलेला असतो.

हे पहिल्यांदा लक्षात आलं १८७६ साली. गेऑर्ग लेडरहोज नावाचा जर्मन तरुण स्ट्रासबुर्गला शिकत होता. रसायनशास्त्रातला त्या काळचा दादा माणूस फ्रीडरिख व्होलर हा त्याच्या नात्यातला. जेवणानंतर उरलेली लॉब्स्टरची कवचं प्रयोगशाळेत घेऊन जा, असं व्होलरनेच त्याला सुचवलं, अशी गोष्ट सांगतात. लेडरहोजने कवचं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात उकळली आणि त्याच्या हाती चमकदार स्फटिक लागले. साखरच ती, फक्त तिच्या रेणूला नायट्रोजनचा एक गट चिकटलेला. सांधेदुखीचा विचारही त्याच्या डोक्यात नव्हता. पुढे तो सर्जन झाला आणि तळपायात गाठी येण्याच्या एका विकाराला त्याचं नाव लागलं. आजही कारखान्यात साधारण तेच चालतं: टरफलांतला चुना आम्लाने काढायचा, प्रथिनं अल्कलीने काढायची, उरलेलं काइटिन गरम आम्लात फोडायचं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कोळंबीच्या टरफलांपासून काइटिन, कायटोसान आणि ग्लुकोसामाइन काढण्याचं तंत्र आपल्याकडे बसवलं आहे.

आता माणसाच्या गुडघ्याकडे येऊ. हाडांच्या टोकांवर जी पांढरी, गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यातल्या काही लांब साखळ्यांचा एक दुवा हाच, ग्लुकोसामाइन. खेकड्याचं कडक कवच आणि आपल्या सांध्याची निसरडी गादी एकाच साखरेचा आधार घेऊन उभी राहावी, हे मला अजूनही थक्क करतं. आणि इथूनच तो सरळसोट विचार सुरू होतो जो सगळा बाजार चालवतो. कूर्चेत ग्लुकोसामाइन असतं, कूर्चा झिजली, तर ग्लुकोसामाइन खा. पटकन पटणारं आहे. पण गिळलेली गोष्ट गुडघ्यातल्या कूर्चेपर्यंत जाते कशी, हा प्रश्न विचारला की प्रकरण फार सुरस होत जातं.

गुडघ्यातली कूर्चा जाडीला दोन ते चार मिलिमीटर, वाटीच्या मागे थोडी जास्त. तिच्या वजनातला सत्तर-ऐंशी टक्के भाग पाणी. दोन कूर्चा एकमेकींवर सरकतात तेव्हा होणारं घर्षण बर्फावर बर्फ घासताना होतं त्याहूनही कमी असतं, आणि माणसाने बनवलेली फारशी बेअरिंगं इतकी वर्षं इतक्या कमी घर्षणावर टिकत नाहीत. सांध्यात वंगण किती, तर निरोगी गुडघ्यात चहाचा चमचाही जेमतेम भरेल इतकंच. ‘वंगण संपलंय’ असं आपण ज्याला म्हणतो त्यात बऱ्याचदा वंगणाचा दोष नसतोच. दुखऱ्या, सुजलेल्या गुडघ्यात पाणी उलट जास्त झालेलं असतं, फक्त पातळ आणि निकृष्ट.

ही पाण्याने भरलेली कूर्चा चिरडत कशी नाही? तिच्यात ॲग्रिकन नावाचे अवाढव्य रेणू असतात. प्रत्येकाच्या अंगावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या शंभराच्या आसपास साखळ्या, आणि त्या सगळ्यांवर ऋण विद्युतभार. हे भार एकमेकांना दूर ढकलतात, सोडियम खेचतात, सोडियममागून पाणी येतं, आणि सगळं फुगायला बघतं. त्या फुगण्याला धरून ठेवतं कोलॅजनच्या तंतूंचं जाळं. मढचे कोळी भरतीओहोटीच्या धारेत डोल नावाची जाळी लावतात तेव्हा पाण्याच्या जोराने ती फुगून ताठ उभी राहते, तसं हे जाळं आतल्या पाण्याच्या दाबाने सतत ताणलेलं असतं. तंतूंची मांडणीही नेमकी. हाडातून सरळ वर निघायचं, पृष्ठभागाजवळ कमान घेऊन वळायचं आणि पुन्हा खाली यायचं. बेनिंगहोफ या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने १९२५ मध्ये या कमानी दाखवल्या.

या सगळ्या कारभारात रक्तवाहिनी मात्र एकही नाही. नसाही नाहीत. त्वचेला, स्नायूला, हाडाला, अगदी दातालासुद्धा रक्त घरपोच मिळतं, कूर्चेला मिळत नाही. तिच्या आकारमानाच्या एक ते पाच टक्के जागेत काही पेशी एकेकट्या राहतात आणि आजूबाजूचं सगळं त्यांनीच कधीकाळी विणलेलं असतं. त्यांना ग्लुकोज, ऑक्सिजन, क जीवनसत्त्व हवं असेल तर ते सांध्याच्या अस्तरातल्या रक्तातून वंगणात झिरपायला हवं आणि वंगणातून कूर्चेत. पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाते, तिच्यातलं थोडं पाणी बाहेर येतं. पाऊल उचललं की पाणी परत आत ओढलं जातं. छोटे रेणू झिरपण्याच्या जोरावर स्वतःच आत जाऊ शकतात, पण सांध्यातला द्रव ढवळणं आणि मोठे रेणू आत सरकवणं हे काम चालण्यानेच होतं. मज्जारज्जूला इजा होऊन पायांची हालचाल थांबलेल्या माणसांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले तेव्हा काही महिन्यांतच कूर्चा पातळ होताना दिसली. 

कूर्चा नवी होते का, या प्रश्नाचं उत्तर अणुबॉम्बने दिलं. १९५० आणि ६० च्या दशकांत हवेत झालेल्या चाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ च्या सुमाराला तो शिखरावर होता, मग उतरत गेला. झाडांनी तो घेतला, आपण झाडं खाल्ली, आणि त्या वर्षांत शरीरात जे जे बनलं त्यावर तारखेचा शिक्का बसला. डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या माणसांच्या गुडघ्यातल्या कूर्चेत हा शिक्का तपासला आणि निष्कर्ष २०१६ मध्ये छापला. कूर्चेतलं कोलॅजन वाढीच्या वयात विणलं जातं आणि त्यानंतर व्यवहारात बदलत नाही. निरोगी गुडघ्यातही नाही, झिजलेल्या गुडघ्यातही नाही. मालाडच्या एखाद्या आजी आज चारकोप नाक्याला रिक्षात चढताना जो गुडघा वाकवतात, त्यातलं जाळं त्यांच्या शाळेच्या दिवसांतलं आहे. साखरेच्या साखळ्यांची थोडीफार डागडुजी चालू असते, जाळ्याची नाही.

मग पोटात गेलेल्या ग्लुकोसामाइनचं होतं काय? ते शोषलं जातं, यकृत त्यातलं बरंच वापरून टाकतं, उरलेलं रक्तात आणि तिथून सांध्याच्या द्रवात पोचतं, पण फार विरळ होऊन. आणि मुळात कूर्चेच्या पेशी ग्लुकोसामाइन बाहेरून मागवत नाहीत. साध्या ग्लुकोजपासून आणि ग्लुटामिन या अमिनो आम्लापासून त्या ते स्वतः बनवतात. वरणभातातून मिळणारा माल त्यांना पुरतो.

अर्थात कागदावरचा युक्तिवाद आणि दुखणारा गुडघा या दोन वेगळ्या गोष्टी, म्हणून चाचण्या. बेल्जियमच्या लिएजमधल्या गटाने २००१ मध्ये २१२ रुग्णांवरची तीन वर्षांची चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये छापली. ग्लुकोसामाइन सल्फेट घेणाऱ्यांची गुडघ्यातली ‘गॅप’ एक्स-रेवर कमी घटली होती. जगभर डबे खपू लागले. मग अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने पैसे दिले आणि १५८३ माणसांवर २४ आठवड्यांची चाचणी झाली. निकाल २००६ मध्ये आला. दुखणं निदान वीस टक्क्यांनी कमी झालं त्याला ‘गुण आला’ म्हणायचं ठरलं होतं. ग्लुकोसामाइन घेणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांना गुण आला. कॉन्ड्रॉइटिनवाल्यांत ६५.४ टक्के, दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत ६६.६ टक्के. वेदनाशामक सेलेकॉक्सिबवाल्यांत ७०.१. आणि काहीच औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत? ६०.१ टक्के.

या शेवटच्या आकड्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे. शंभरातल्या साठ जणांचा गुडघा पोकळ गोळीने हलका झाला. त्यात विश्वासाचा वाटा आहेच, पण सगळा नाही. गुडघेदुखी लाटांनी येते. माणूस डॉक्टरकडे किंवा चाचणीत जातो तो लाट शिखरावर असताना, आणि शिखरानंतर उतार ठरलेलाच. शेजारच्या काकूंनी ‘मला या डब्याने फरक पडला’ असं सांगितलं तर त्या खोटं बोलत नसतात. फरक पडलेला असतो. डब्याने पडला का, एवढंच त्यांच्या गुडघ्यावरून कळत नाही. त्या अमेरिकी चाचणीत एक चिमूट आशाही होती. मध्यम ते तीव्र दुखणं असलेल्या छोट्या गटात दोन्ही औषधं मिळून ७९.२ टक्क्यांना गुण आला, पोकळ गोळीने ५४.३. पण गट छोटा होता. २०१० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दहा चाचण्यांतल्या ३८०३ रुग्णांची बेरीज छापून आली तेव्हा हाती काही लक्षणीय लागलं नाही. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने पुढे गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन देऊ नका, असा स्पष्ट सल्ला दिला.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या झाडाकडे जाते. मेळघाटात, सातपुड्यात उन्हाळ्यात हिंडलं तर कोरड्या उतारांवर कागदासारखी साल सुटणारी, पानं गाळून उभी असलेली झाडं दिसतात. ती सालई. खोडाला चीर दिली की सुगंधी राळ पाझरते. तीच धुपात जाते, आणि आयुर्वेदात तिचं नाव शल्लकी. अरबस्तानातला ऊद-लोबानाचा लोबान तिच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाचा. राळेतली बोस्वेलिक आम्लं प्रयोगशाळेत ५-लायपॉक्सिजनेज या विकराला रोखतात, म्हणजे सूज पेटवणारी वेगळीच वाट अडवतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या दुसरी वाट अडवतात.

नागपूरच्या डॉक्टरांनी या राळेची परीक्षा घेतली आणि निकाल २००३ मध्ये छापला. गुडघ्याची झीज असलेले तीस रुग्ण. पंधरा जणांना आठ आठवडे सालईचा अर्क, पंधरा जणांना पोकळ गोळी, मग तीन आठवडे दोन्ही बंद, आणि नंतर अदलाबदल. म्हणजे प्रत्येक गुडघा स्वतःशीच ताडून पाहिला गेला. अर्काच्या काळात दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचं अंतर वाढलं. एक्स-रे मात्र जसाच्या तसा. या प्रामाणिक ओळीमुळे मला ही चाचणी आवडते. राळेने कूर्चा वाढवली नाही, सूज शमवली. चारेक वर्षांनी नागपुरातच ६६ रुग्णांवर सालई आणि वाल्डेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी समोरासमोर ठेवली गेली. गोळीचा गुण महिन्याभरात दिसला आणि गोळी थांबताच गेला. सालईला दोन महिने लागले, पण थांबवल्यानंतरही महिनाभर तिचा परिणाम टिकला. रुग्ण थोडे होते आणि या दुसऱ्या चाचणीत कोण काय घेतंय हे सर्वांना माहीत होतं, म्हणून हुरळून जायचं कारण नाही. तरी ग्लुकोसामाइनपेक्षा मी सालईला जास्त गुण देईन.

पुण्याचं काम त्याहून मोठं. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने १९९६ मध्ये भिगवणला घरोघर जाऊन पाहणी केली होती. उजनीच्या पाणलोटाजवळचं, पक्षी बघायला लोक जातात ते भिगवण. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. त्याच चोप्रांच्या पुढाकाराने ४४० रुग्णांची, २४ आठवड्यांची, दुहेरी गुप्त चाचणी झाली आणि २०१३ मध्ये ‘ऱ्हुमॅटॉलॉजी’त आली. गुळवेल, सुंठ, आवळा आणि सालई यांच्या अर्कांची मिश्रणं एकीकडे, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब दुसरीकडे. निकाल: सगळी साधारण बरोबरीची. बातम्या ‘आयुर्वेद जिंकला’ अशा रंगवता येतात, पण त्यात पोकळ गोळीचा गट नव्हता, आणि अमेरिकेतल्या चाचणीत ग्लुकोसामाइन पोकळ गोळीच्या पुढे फारसं गेलं नव्हतं, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवं. शिवाय सव्वीस रुग्णांत यकृताचा एसजीपीटी वाढला. आयुर्वेदिक गटातल्या सात जणांचं औषध थांबवावं लागलं, थांबवल्यावर तो पूर्ववत झाला. मोजमाप केलं म्हणून हे कळलं. घरी कोण मोजतं?

कोलॅजनच्या डब्यांत दोन अगदी वेगळ्या कल्पना एकाच नावाखाली विकल्या जातात. दहा ग्रॅमची भुकटी म्हणजे तोडलेलं कोलॅजन. पोटात त्याचे आणखी तुकडे होतात, आणि वर सांगितलेल्या कार्बनच्या शिक्क्यानंतर ते गुडघ्यातलं जाळं विणेल असं मानणं मला जड जातं. दुसरी कल्पना चाळीस मिलिग्रॅमची, कोंबडीच्या छातीच्या कूर्चेतलं न मोडलेलं कोलॅजन. त्यातून बांधकामाचं सामान मिळावं अशी अपेक्षाच नाही. आतड्याच्या भिंतीत प्रतिकारशक्तीची ठाणी असतात. रोज खाण्यातून येणाऱ्या प्रथिनाला शत्रू मानायचं नाही, हे शरीर तिथे शिकतं. कूर्चेतलं प्रथिन त्याच दारातून रोज थोडं थोडं दाखवलं तर आमवातात सांध्यावर होणारा प्रतिकारशक्तीचा हल्ला थंडावेल का? १९९३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आमवाताच्या साठ रुग्णांवरची आशादायक चाचणी आली, नंतरच्यांनी संमिश्र उत्तरं दिली. कल्पना मात्र इतकी देखणी आहे की ती खोटी ठरली तर मला वाईट वाटेल.

डिंकाच्या लाडवांबद्दल बोलल्याशिवाय मराठी घरातून सुटका नाही. डिंक चिकट, वंगणही चिकट, म्हणून डिंकाने सांधे भरतात, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. डिंक लहान आतड्यात पचतच नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यावर जेवतात. लाडू खावा तो खारीक-खोबऱ्यासाठी, तुपासाठी, थंडीसाठी. हळदीची अडचण वेगळी. तिच्यातलं करक्युमिन रक्तात फारसं शिरतच नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की मिरीतलं पायपरिन सोबत दिलं तर त्याची उपलब्धता वीस पटींनी वाढते, आणि म्हणून आता सांगलीच्या हळदीला केरळची मिरी जोडून कॅप्सूल निघतात. शोषण वाढलं की यकृतावरचा भारही वाढतो. अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. फोडणीतल्या हळदीच्या नाहीत.

डबा घ्यायचाच असेल तर उलटून बघावा. ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ तिथे छापलेली असते, कारण कायद्याने हा अन्नपदार्थ आहे. चातुर्मास पाळणाऱ्या घरात टरफलाचं ग्लुकोसामाइन चालणार नाही. तपकिरी त्रिकोण की हिरवा ठिपका ते पाहावं, कारण बुरशी किंवा जिवाणूंकडून आंबवून केलेलं शाकाहारी ग्लुकोसामाइनही मिळतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी ग्लुकोसामाइनला परस्पर हात लावू नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि सकाळी अर्ध्या तासाहून जास्त सांधे आखडलेले राहत असतील, बोटं सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. तिथे फळीवरचा कुठलाही डबा वेळ खातो आणि तेवढ्यात सांधा जातो.

आता डबे बाजूला ठेवून गुडघ्यावर येणाऱ्या भाराकडे पाहू. बर्लिनमध्ये काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांतच वजन मोजणारी यंत्रं ठेवली होती. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून जास्त भार येतो, जिना उतरताना साडेतीन पट. सत्तर किलोचा माणूस मालाड स्टेशनचा पूल उतरताना प्रत्येक पायरीवर एका गुडघ्यावर सुमारे २४० किलो घेतो. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अभ्यासात एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो, असं दिसलं. मग जिने टाळावेत आणि बसून राहावं? २०१७ मध्ये जुन्या अभ्यासांची बेरीज झाली तेव्हा हौसेने धावणाऱ्यांत गुडघा-खुब्याची झीज ३.५ टक्के, बैठ्या माणसांत १०.२ टक्के आणि स्पर्धेत जीव तोडून धावणाऱ्यांत १३.३ टक्के निघाली. आधीच दुखणाऱ्या गुडघ्याने स्टेशनच्या जिन्यांवर शूरपणा करण्यापेक्षा ओहोटीच्या वेळी अक्साच्या किनाऱ्यावर ओल्या, घट्ट वाळूवरून चालावं, खुर्चीत बसून पाय सरळ करत मांडीचे स्नायू बळकट करावेत. ग्लुकोसामाइनला नकार देणाऱ्या त्याच अमेरिकी संघटनेने व्यायामाची शिफारस मात्र जोरदार केली आहे.

कोलॅजनचं जाळं बदलत नाही, हे खरं. पण कूर्चेतली बाकीची प्रथिनं किती जुनी आहेत हे ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मोजलं आणि उत्तर चक्रावणारं आलं. एकाच पायात तीन वयं. घोट्यातली प्रथिनं तरुण, गुडघ्यातली मध्यमवयीन, खुब्यातली म्हातारी. तुटलेला पाय पुन्हा उगवणाऱ्या सॅलमँडरमध्येही दुरुस्ती टोकाकडे जास्त वेगाने होते, आणि त्याच्यात हे काम चालवणारे छोटे मायक्रोआरएनए रेणू माणसाच्या कूर्चेतही सापडले, घोट्यात सर्वांत जास्त. घोट्याची झीज गुडघ्यापेक्षा कितीतरी कमी लोकांना का होते, त्याचं एक कारण इथे असावं. ते रेणू गुडघ्यात कसे जागवायचे यावर काम चालू आहे.